बाबांच्या नावाने मागितलेली माफी

गेल्या महिन्यात आमच्या घरात दोन बाबा झाले. एक खरे, एक खोटे. त्यातले चांगले कोणते यावर नातेवाइकांचं लगेच एकमत झालं, आणि ते खऱ्या बाबांच्या बाजूनं नव्हतं.

हे मी अत्यंत गांभीर्यानं लिहिते आहे. आई या सगळ्याला ‘तो घोळ’ म्हणते आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका ‘ती मज्जा’ म्हणतात, पण मी शाळेची सायबर सुरक्षा दूत आहे आणि मला असं बोलणं शोभत नाही. दूत कशी झाले ते थोडक्यात सांगते. बाईंनी वर्गात विचारलं, “कोण होणार?” आणि माझा हात वर गेला. हाच हात गेलं पूर्ण वर्ष बाकाखाली दडून असायचा. तो वर गेलेला पाहून सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं. मग सगळ्या शाळेसमोर मी ‘आपली ओळख, आपली जबाबदारी’ या विषयावर बोलले, माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला, आणि त्या दिवसापासून मी पूर्वीची राहिले नाही. घरच्यांचं म्हणणं, राहिली असती तर बरं झालं असतं.

दूतानं सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची असते. आमच्या घराची अवस्था भीषण होती. आईचे सगळे पासवर्ड फ्रिजच्या दारावर लावलेले होते, ठळक अक्षरांत, म्हणजे चष्म्याशिवायही दिसावेत. नळ दुरुस्त करणाऱ्यानं ते मन लावून वाचले होते आणि एक फार सोपा आहे असं मतही दिलं होतं. ते मी उतरवले, आईला नवे अवघड पासवर्ड पाठ करायला लावले, आणि रोज जेवताना तोंडी परीक्षा सुरू केली. आई नापास होत होती, पण तिच्यात सुधारणेला वाव होता.

बाबांमध्ये तो नव्हता.

“माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?” ते म्हणाले आणि पेपरात शिरले.

बाबा वजनमापे निरीक्षक आहेत. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर सील. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलंय की त्यांच्या बोलण्यातही कधी चिमूटभर जास्त पडत नाही. शुभेच्छा, कौतुक, सहानुभूती असल्या सुट्ट्या वस्तू ते वापरत नाहीत. मी शाळेसमोर बोलले त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “माइक चालू होता?” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “मग झालं.” हे आमच्याकडे अभिनंदन धरतात.

त्यामुळे रविवारी सकाळी मामाचा आईला फोन आला तेव्हाच माझे कान टवकारले.

“काय गं, दाजींची तब्येत बरी आहे ना?” मामा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे सगळेच फोन स्पीकरवर असतात. आईला वाटतं, फोन कानाला लावला की कान गरम होतो.

“बरी आहे की. का रे?”

“त्यांनी मला सुप्रभात पाठवलंय. गुलाबासकट.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा पायमोजे घालत होते.

“वर लिहिलंय, ‘मुलांचा अभ्यास कसा चाललाय, स्वतःची काळजी घ्या.’ दाजी एकदम सुधारले गं! मी बायकोला दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.”

बाबांनी एक पायमोजा हातात धरून शांतपणे विचारलं, “मी?”

मी तोवर फोन घेऊन शोधायलाही लागले होते. खातं सापडलं. नाव बाबांचं, फोटो बाबांचा. फोटो आईनं कधीतरी सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता. त्यात बाबा चक्क प्रसन्न दिसतात, पण मला खरं माहीत आहे, मी तिथेच उभी होते. तो शिंक येण्याच्या आधीचा क्षण आहे. बाबांच्या स्वतःच्या खात्यावर फोटोच नव्हता. ते त्यांनी कचेरीनं सांगितलं म्हणून उघडलं होतं आणि त्यानंतर त्यात डोकावलेही नव्हते. शेजारी शेजारी ठेवून पाहिली दोन्ही खाती, तर खरं सांगते, मला स्वतःलाही खोटं जास्त ओळखीचं वाटलं.

“चोरी झाली आहे,” मी जाहीर केलं. “ओळखीची.”

“गुलाब वाटतोय तो चोर,” आई म्हणाली. “वाटू दे. तेवढंच आपलं नाव चांगलं होतंय.”

इथपर्यंत ती ‘मज्जा’ होती, मान्य. मग माझ्या फोनवर आत्याचा निरोप आला.

आता आत्याबद्दल सांगायलाच हवं. ती बाबांची मोठी बहीण. तिचं लोकरीचं दुकान आहे. गुंडे, सुया, विणायची पुस्तकं, सगळं तिनं एकटीनं उभं केलंय. लोकर वजनावर विकतात. दुकान उघडलं त्या दिवशी बाबा पाहुणे म्हणून गेले, सगळे चहा घेत होते, आणि बाबांनी सहज म्हणून खिशातलं वजन काढून तिच्या काट्यावर ठेवलं. काटा हलका निघाला. आत्याचा दोष नव्हता, काटा कंपनीतूनच तसा आला होता. पण बाबांनी सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला सील ठोकलं. पहिल्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी बंद झालं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी पहिलीत होते तेव्हा. आत्या मला निरोप पाठवते, वाढदिवसाला मोजे विणून पाठवते, आणि बाबांबद्दल एक अक्षर विचारत नाही.

निरोप असा होता: “चिमे, तुझ्या बाबानं माफी मागितली गं. स्वतःहून. एवढ्या वर्षांनी. मी सकाळपासून रडतेय, दुकान उघडलं नाही अजून.”

आणि खाली खोट्या बाबांचे शब्द तिनं जसेच्या तसे पाठवले होते. ‘ताई, खूप दिवस बोलणं झालं नाही. माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ कर. तुझा गुडघा कसा आहे?’ आता गुडघ्याचं त्याला कुठून कळलं? आत्याच्या स्वतःच्या खात्यावरून. तिनं गुडघ्याला विणलेल्या पट्ट्याचा फोटो टाकला होता. बाकीचं तर कोणीही कोणालाही लिहावं असं होतं. चुकलं कोणाचं नसतं? पण आत्यानं त्यात सगळं वाचलं. काटा, सील, पाहुणे, गार झालेला चहा.

त्याच्याही खाली होतं: ‘नवीन फोन घेतोय. ओळख पटवायला घरातल्या मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात. तुझ्या ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि तुझा चेहरा दिसेल असा एक फोटो पाठवशील?’

सगळ्या शाळेसमोर मी हेच तर सांगितलं होतं. ओळखपत्र आणि चेहरा एकदा हातात आला की चोर बाबा राहणार नाही, आत्या होईल. दुकान आत्याच्या नावावर, परवाना तिच्या नावावर, लोकर पाठवणारे कारखाने तिच्या शब्दावर माल देतात. तिच्याकडे दुसरं काही नाही.

मी लगेच फोन लावला. सगळं समजावलं. मुद्देसूद. शब्द खोटे असू शकतात, फोटो खोटा असू शकतो, हल्ली तर हुबेहूब आवाजही काढतात, आत्या, आपण कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, माझं वक्तृत्व परिणाम करतंय.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “आता मी सांगते. माफी मागून बसला आणि आता जड जातेय त्याला. म्हणून पोरीला पुढे केलंय परत घ्यायला. त्याला सांग, दिलेली वस्तू मी परत करत नाही. उद्या शेजारचा झेरॉक्सवाला येणार आहे, तो नीट फोटो काढून देईल, मी पाठवणार.”

आणि ठेवला फोन.

मी बाबांसमोर उभी राहिले. “तुम्ही फोन करा. तुमचंच ऐकेल ती.”

बाबांचे दोन्ही पायमोजे एव्हाना घालून झाले होते, पण बूट घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. “काय सांगू फोन करून?”

“की माफी मागणारा तो मी नव्हे.”

“म्हणजे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं, ते हे?”

आई हळूच म्हणाली, “मग म्हणा ना, की तो मीच.”

“खोटं बोलू?” बाबांनी अशा सुरात विचारलं, जणू तिनं खोटं वजन ठेवायला सांगितलं होतं. “तक्रार करू. कायद्यानं ते खातं बंद होईल. उद्या सकाळीच करू. कोणाला काही बोलायला नको.”

तेवढ्यात सेक्रेटरी काका आले. ते पाण्याच्या टाकीचं सांगायला आले होते, पण दारातच त्यांना सगळं कळलं, आणि टाकी राहिली बाजूला. काकांना दुसऱ्यांचे प्रश्न फार आवडतात. खुर्ची ओढून ते म्हणाले, “कायद्याला वेळ लागतो हो. लोकशक्ती वापरा. सगळ्या नातेवाइकांना कळवा, की दोन खाती आहेत, त्यातल्या खोट्याची प्रत्येकानं कंपनीकडे तक्रार करा. एवढ्या तक्रारी गेल्या की बंद! आमच्या साडूंचं असंच बंद झालं.”

“त्यांचं खोटं खातं?” मी विचारलं.

“ते आता आठवत नाही. पण बंद झालं हे नक्की.”

मी निवेदन लिहिलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. आजही मला त्यातल्या भाषेचा अभिमान आहे. ‘सावधान! आमच्या बाबांच्या नावाची दोन खाती अस्तित्वात असून त्यातील एक तोतया आहे. दोन्ही नीट पाहा, खरे-खोटे ओळखा आणि खोट्याची तक्रार नोंदवून आपले कर्तव्य बजावा.’ कोणतं खातं खोटं ते लिहायची मला गरज वाटली नाही. नातेवाईकच होते ते. बाबांना लहानपणापासून ओळखणारे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्ज देऊन बाबांबरोबर सायबर तक्रार कक्षात गेले. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. साहेबांच्या टेबलावर पंखा होता, आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं होतं. स्टेपलर, चहाचा कप, एक कुलूप. बाबांनी सवयीनं कुलूप उचलून हातात तोललं आणि परत ठेवलं.

“चोरीला काय गेलंय?” साहेबांनी विचारलं.

“ओळख,” मी म्हणाले.

“वडिलांना बोलू दे. काय गेलंय?”

“ओळख,” बाबा म्हणाले.

“पण तुम्ही तर इथे बसलाय.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बरं. तुमच्या नावानं कोणाला शिवीगाळ केली?”

“नाही.”

“धमकी?”

“नाही.”

“मग केलं काय त्यानं?”

“विचारपूस,” बाबा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “आणि माफीही मागितली,” मी जोडलं. “साहेब, खरी भीती माझ्या आत्याची आहे. ती आजच ओळखपत्राचे फोटो पाठवणार आहे.”

“पाठवले का?”

“अजून नाही.”

“पाठवल्यावर या. म्हणजे गुन्हा पूर्ण होईल. तोवर तुमच्या वडिलांचं घेऊ. यात बदनामी होते का तुमची?”

“होते,” बाबा ठामपणे म्हणाले. “काल एकानं रस्त्यात मला मिठी मारली.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं मूळ खातं उघडून दाखवा. तुलनेला लागेल.”

मी बाबांचा फोन घेतला. खातं उघडलं. पडद्यावर एक पाटी आली. मी ती पुढे करेपर्यंत साहेबांनीच वाकून मोठ्यानं वाचली: “‘हे खाते दुसऱ्या व्यक्तीची बतावणी करत असल्याच्या अनेक तक्रारी आल्यामुळे कायमचे बंद करण्यात आले आहे.’”

बाबांनी फोन हातात घेऊन पाटी पुन्हा एकदा वाचली.

झालं होतं असं, की आमच्या सर्व नातेवाइकांनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. दोन्ही खाती त्यांनी नीट पाहिली होती. एका बाबांना चेहरा होता, ते हसत होते, गुलाब पाठवत होते, गुडघ्याची चौकशी करत होते. दुसऱ्यांना ना फोटो, ना शब्द, कोणाला साधं उत्तरही नाही. मामानं तर नंतर सांगितलं, “मी लगेच ओळखलं गं. तो दुसरा तर माणूसच वाटत नव्हता.”

साहेबांनी पेनाला हळूच टोपण लावलं. “म्हणजे तोतये तुम्ही?”

मला वाटलं होतं, बाबा चिडतील. ते उभे राहिले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर बोळात जाऊन भिंतीला टेकले. त्यांच्या कचेरीत किंवा बाजारात कोणी त्यांच्या शिक्क्यावर शंका घेतली, तर ते वजनं काढून दाखवतात. इथे काढून दाखवायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

“कोणालाच फरक कळला नाही?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकले. दूताला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं येत नाहीत.

मग त्यांनी स्वतःहून आत्याला फोन लावला. मला ते दोन्ही बाजूंनी ऐकू येत होतं, कारण आत्याचा आवाज तसा आहे.

“ताई, मी बोलतोय. तो फोटो पाठवू नकोस.”

मग आत्या म्हणाली, “हल्ली आवाजाचंही सोंग करतात म्हणे. काल तुझ्याच पोरीनं बजावलंय मला, कोणावर विश्वास ठेवायचा नाही. माझा भाऊ माझ्याशी नीट बोलतोय सध्या. तू कोण ते तूच बघ.”

फोन बंद. परत लावला तर उचलेच ना.

“छान शिकवतेस,” बाबा मला म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांनी केलेलं माझं पहिलं उघड कौतुक, आणि ते असल्या वेळी आलं.

आम्ही बस पकडली. बसमध्ये मी आखणी केली. पोचल्याबरोबर बाबांनी काय म्हणायचं, आत्यानं ओळख पटवायला कोणते प्रश्न विचारायचे, बाबांनी लहानपणच्या कोणत्या आठवणी सांगायच्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, “आत्याला लहानपणी काय आवडायचं?” ते म्हणाले, “आठवत नाही.” “तिला कशाची भीती वाटायची?” “माहीत नाही.” मी म्हटलं, “बाबा, अशानं तुम्ही नापास व्हाल.” ते म्हणाले, “दिसतंय ते.”

आत्याच्या दुकानात शिरलं की आवाज मऊ होतो. चारी भिंतींना लोकर, छतापर्यंत. आत्या गल्ल्यामागे ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून बसली होती. झेरॉक्सवाला फोटो काढून नुकताच गेला होता, तिच्या हातात फोन होता आणि बोट पडद्यावर. तिनं वर पाहिलं. बाबा दारात उभे. दोघांचे चेहरे किती सारखे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

त्याच क्षणी तिचा फोन वाजला. तिनं वाचलं, आणि मीही गल्ल्यावरून वाकून वाचलं. ‘ताई, फोटो काढलास का? वाट बघतोय.’

आत्यानं बाबांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे, शरीराला चिकटलेले, तपासणीला उभं राहिल्यासारखे. फोन पुन्हा वाजला. ‘ताई?’

मी विजयानं म्हणणार होते, “बघ! सिद्ध झालं!” पण आत्याचा चेहरा पाहून माझा आवाज कुठल्याच भिंतीपर्यंत गेला नाही.

“कळलं मला,” ती म्हणाली. “तू खरा, हा खोटा. कळलं.” तिनं फोन खाली ठेवला नाही. “पण हा विचारतो तरी. सकाळी उठलीस का, जेवलीस का, गुडघा कसा आहे. खोटं तर खोटं. तू खरा आहेस, तू काय विचारलंस?”

बाबांनी घसा साफ केला. “गुडघा कसा आहे?”

“आत्ता विचारतोयस!”

“हो.”

“दुखतो.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि मला वाटलं, संपलं, आता हे परत बस पकडणार. मी डोळ्यांनी त्यांना खुणा करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“त्याचा तो निरोप दाखव,” ते म्हणाले. “पहिला.”

आत्यानं फोन पुढे केला. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मग परत दिला. “हे मी लिहिलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“‘काही चुकलं असेल तर’ असं मी लिहिलं नसतं. चुकलंच होतं. काटा हलका होता, हे बरोबर आहे. पण मी त्या दिवशी पाहुणा होतो. ते वजन मी घरी ठेवून यायला हवं होतं. पाहुण्यानं चहा घ्यायचा आणि दुकान छान आहे म्हणायचं.” ते थांबले. भिंतीवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, अगदी निरीक्षण करतात तशी. “दुकान छान आहे.”

आत्यानं डोळे पुसले, आणि म्हणाली, “त्याचं माफी मागणं जास्त छान होतं.”

“हो,” बाबा म्हणाले. “त्याला सवय आहे.”

आणि आत्या हसली. असं हसली की कोपऱ्यातला लोकरीचा एक गुंडा खाली घरंगळला, म्हणजे निदान मला तसं वाटलं. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी गल्ल्याजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले, लवकर उठणार नाही अशा बेतानं.

फोन पुन्हा वाजला. ‘ताई, काय झालं? रागावलीस का?’

“आत्या, उत्तर द्यायचं नाही,” मी लगेच म्हणाले. “अशा लोकांना अजिबात उत्तर द्यायचं नसतं. फोटो काढून टाक, खातं बंद कर, मी करते, दे इकडे.”

“थांब गं. दोन दिवस बोललाय माझ्याशी. असं मध्येच सोडायचं?” आणि सुरक्षेचे सर्व नियम माझ्या डोळ्यांदेखत धाब्यावर बसवून ती एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहायला लागली. बाबा मान वाकडी करून वाचत होते. त्यांनीही तिला थांबवलं नाही.

तिनं लिहिलं, ‘रागावले नाही. माझा भाऊ आलाय. आता तू नाही बोललास तरी चालेल.’

मग फोन माझ्या हातात दिला. “हं. आता कर काय करायचं ते.”